तिसरं विरजण

मंगळवार, ता. १४

धाकटे,

आशीर्वाद. बाकी विनंती-विशेष तुझं तू धरून चाल, मला ते लांबण लावणं जमत नाही. घरी सगळे बरे. तुझ्या वहिनीचे गुडघे आहेत तसेच. थोरल्याला काम लागलं, ते पुढे सांगेन. फोनच केला असता, पण तू तो स्पीकरवर टाकतेस आणि मेहुणे शेजारी बसून खोकतात. म्हणून कागद.

तू विचारलंस, नाव विकू का ठेवू? गिऱ्हाईक थांबलंय म्हणतेस. तुमच्याकडे नदीत मासा परत येईल का ते दादालाच ठाऊक, कारण अख्ख्या शहराचं सांडपाणी दादाच्या हाताखालून नदीत जातं. मग ऐक.

आमच्या मोठ्या हौदात घाण खाणारे जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. खालून हवा सोडायची, ते खातात, मग पाणी निवळतं. ते मेले की दुसऱ्या शहरातल्या हौदातून टँकरभर आणून घालायचे. मी त्याला विरजण म्हणतो. इंजिनिअर मॅडम हसल्या, "काका, आपण दही लावतोय का?" म्हटलं, "दही बरं, एवढे नखरे करत नाही." पोरगी चांगली आहे. गमबूट घालून आमच्याबरोबर हौदावर उभी राहते.

दोन विरजणं मेली. तिसरं मात्र लागलं. पाणी तांबूस झालं, दुर्गंधी जाऊन ओल्या मातीसारखा वास यायला लागला. मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला. 'नाव ठेव' असं तुला लिहायलाही मी बसलो होतो.

शुक्रवारी हौदावर पांढरा फेस आला. मेलं सगळं. मॅडम म्हणाल्या, "कोणीतरी गटारात अ‍ॅसिड ओततंय, काका." वरून हुकूम आला, आता नवीन आणायचं नाही, नदीकडचं दार उघडा आणि घाण पाणी तसंच द्या सोडून. दार मीच उघडलं. दाराच्या चाकाला जोरही लावावा लागला नाही.

आता थोरल्याचं. लोखंडाला मुलामा चढवायच्या कारखान्यात लागलाय, तिथल्या वापरलेल्या अ‍ॅसिडच्या टँकरवर. रविवारी भाजी घेऊन येत होतो, तर आमच्याच गल्लीच्या मागे टँकर उभा, गटाराचं झाकण बाजूला, आणि पाइप याच्या हातात. भरदिवसा. म्हटलं, "अरे, हे माझ्याकडे येतं!"

"बाबा, सगळ्या गावाचं तुमच्याकडेच येतं. मी नाही ओतलं तर दुसरा ओतेल, मी मात्र घरी बसेन. घरी बसलो होतो तेव्हा ऐतखाऊ कोण म्हणायचं?"

मी म्हणायचो. पिशवी उचलली आणि घरी आलो. काल मॅडमनी विचारलं, "काका, काही कळलं का?" म्हटलं, "नाही." उद्या विचारलं तरी नाहीच म्हणणार. पोटचा आहे.

नाव विकून टाक. गिऱ्हाईक उठून जायच्या आत. मुलांना पाण्यात उतरू देऊ नकोस. मेहुण्यांना काय सांगायचं ते तू ठरव. पाणी बिघडलं एवढंच सांगितलंस तरी ते खोटं नाही. चार दिवस इकडे या म्हटलं असतं, पण जेवायला तो समोर बसेल.

तुझा, अजून म्हणवत असेल तर,
दादा