एमएचटी ४०७६ चे पुनरागमन

३ फेब्रुवारी २०२६, सकाळ
संकल्प. १४ मे रोजी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं. त्या दिवशी बायकोला, म्हणजे पुतळाला, नेरूळहून दिवाळे गावच्या देवळात न्यायचं, तेही जिच्यावरून तिला नवरी म्हणून आणली त्याच स्कूटरवरून. नंबरही तोच, एमएचटी ४०७६. नोंदणी केव्हाच संपलीय. पण पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल तर व्हिंटेज म्हणून जुन्याच नंबराने नोंदता येते. आठवड्याचं काम.
नंबर मोठ्याने म्हटला की चाल लागते. चौथीत कविता म्हणून बक्षीस मिळवलंय, कान तयार आहे.
पुतळा म्हणाली, आधी तुमचा गुडगा मूळ रूपात आना.

९ फेब्रुवारी
सूनबाई मनस्वीने मोबाइलवर अर्ज भरला. रंग मूळचा का? हो लिही म्हटलं. तिने गाडीकडे बोट केलं. अगं, दर नारळी पौर्णिमेला होडी रंगवून उरलेला रंग हिलाही लावतो, इतकंच. त्याला बदल म्हणत नाहीत, संस्कार म्हणतात.
गाडीवरच्या माझ्या चार ओळी जोडायच्या होत्या. म्हणाली, पप्पा, कवितेला कॉलमच नाही. सरकार रुक्ष.

१९ फेब्रुवारी
चौकशीला आरटीओत गेलो. शिवजयंतीची सुट्टी. रांग अजिबात नव्हती. शुभशकुन.

२ मार्च
पत्रिका आल्या. दीडशे. 'आगमन: एमएचटी ४०७६ वरून.' मुलगा हरेश म्हणाला, पप्पा, नंबर मिळाल्यावर छापायच्या ना. या पिढीला श्रद्धा नाही. सगळ्या वाटून टाकल्या. आता माघार नाही.

२४ मार्च
तपासणी. इन्स्पेक्टर मॅडम तरुण, आवाज मऊ. सांगाड्यावर कोरलेला चॅसिस नंबर मागितला. दिसेना. एकावन्न हात रंगाचे. काका, ही स्कूटर आहे का होडी, म्हणाल्या. खरवडून आणा.

२६ मार्च, दुपार
खरवडतोय. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली निळा. एकेक सण नखात अडकतो. पुतळा म्हणाली, कांदा सोलताव का? रडू पन येतंय तुमाला.

२८ मार्च
आकडे दिसले. आरसी बुकात वेगळे आहेत. चष्मा पुसला. तरी वेगळे. छपाईची चूक असणार.

२ एप्रिल
छपाईची चूक नाही. मॅडमनी संगणकात पाहिलं, हा चॅसिस एमएचटी ४०७७ चा. ४०७७ म्हणजे जयदेवची! माझा जुना दोस्त, हल्ली उरणला. स्कूटरी एकाच दिवशी घेतल्या. बंदरावर एकाच डब्यातून रंगवायचो. नंबरपाट्या काढून ठेवायचो, रंग वाळेपर्यंत सण साजरा करायचो, मग पाट्या लावायचो. कुठल्या साली अदलाबदल झाली, देव जाणे. जयदेवने 'त्याची' गाडी कधीच भंगारात दिली. म्हणजे माझी.
मॅडम म्हणाल्या, मूळ नंबरच पाहिजे ना काका? मग हिचा मूळ नंबर हा. नियम मीच मागितलेला. आता त्यातून बाहेर पडायला दार नाही.
पुतळाला सांगावं लागलं. म्हंजे एवडी वर्सं मी जयदेवभाऊच्या गाडीवर बसतंय, म्हणाली. मग त्यालाच फोन लावला. दोघं अर्धा तास हसत होते.

१० एप्रिल
उरण. योजना साधी: जयदेवने गाडी माझ्या नावे करायची. त्याचं आरसी बुक कपाटात सुखरूप. भंगारवाल्याला कागद द्यायचे असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्याच्या अज्ञानाचा प्रथमच उपयोग. त्याने पुस्तक उघडलं, स्वतःचं नाव वाचलं, डोळे भरले. म्हणाला, नाय दादूस, आता नाय देनार. माजी हाय ती.
आठवड्यात विरघळेल. चार ओळी पाठवतो.

१७ एप्रिल
ओळी पाठवल्या. उत्तरादाखल अंगठा आला. उद्या तो टेम्पो घेऊन येतोय, सही करायला असावा.

१८ एप्रिल
गाडी न्यायला आला होता.

६ मे
गाडी नोंदली गेली. मूळ नंबराने. जयदेवच्या नावे. तत्त्वतः मी जिंकलो.

१४ मे
जयदेव स्कूटर घेऊन नेरूळला आला. पुतळा नवी साडी चुरगळेल म्हणून हरेशच्या एसी गाडीतून पुढे गेली. मी म्हटलं, आजच्या दिवस मला चालवू दे. जयदेव म्हणाला, लायसन दाकव. माझं दोन हजार एकोणीसला संपलंय. बस मागं, म्हणाला, आनि हलू नको.
बसलो. मागे बसलं की खाडी नीट दिसते. चालवताना कधी पाहताच आली नव्हती.