डावा बॅक, राखीव

४ मे १९५२, रविवार
आजपासून रोजनिशी. आमच्या नवोदय स्पोर्टिंगची तिसऱ्या डिव्हिजनची फुटबॉल टीम लागली. कलकत्त्याच्या मैदानातल्या क्लबच्या तंबूबाहेर कागद चिकटवलाय. त्यात माझं नाव आहे: गुरुदत्त, डावा बॅक, राखीव. वय चौतीस, पण दम टिकून आहे. उद्यापासून पहाटे धावणार.

५ मे
उठलो नाही. विश्रांतीही ट्रेनिंगचाच भाग.

११ मे
पहिली मॅच. आमचे अकराही जण आले. एकदा खेळ सुरू झाला की गडी बदलता येत नाही. त्यामुळे राखीव माणसाचं काम अवघड. पूर्ण वेळ तयार राहिलो.

१७ मे
ज्युनियर टीममध्ये चारुदत्त मास्तरांचा मुलगा विजय आलाय. जन्म इथलाच, कलकत्त्याचा, त्यामुळे मराठीची बोंब. मला म्हणाला, "काका, तुम्ही खूप हळू पळतो." त्याला समजावलं की 'पळता' म्हणावं. मुलगा शिकवण्यासारखा आहे.

२ जून
ऑफिसात साहेबांनी विचारलं, नागपूरची एक जागा निघालीय, जाता का? बायकोचं, शकुनचं, माहेर तिथलं. तिच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय. घरी सांगितल्यावर तिने लगेच ट्रंक पुसायला घेतली. मी म्हटलं, सीझन ऑगस्टपर्यंत आहे.
"तुमच्यावाचून टीमचं अडेल का?"
म्हटलं, हो.
तिने ट्रंक परत खाटेखाली सरकवली. आमटीत मीठ नव्हतं. दोघांनीही तशीच खाल्ली.

४ जून
साहेबांना नकार कळवला. ऑफिसातला श्यामराव जातोय. त्याला खेळाचं अंग नाही.

१५ जून
आमच्या डाव्या बॅकचा गुडघा गेला. वाईट झालं. पुढची मॅच माझी.

२२ जून
कोच हरेनदांनी विजयला खेळवलं. महत्त्वाच्या मॅचसाठी मला राखून ठेवलंय, उघड आहे. पोरगा बरा खेळला. एकंदरीत मीच तयार केलेला.

२९ जून
शकुन एकटीच नागपूरला गेली. हावड्याला गाडीत बसवून दिलं. आता काहीतरी बोलेल असं वाटलं. खिडकीतून म्हणाली, "दूध अर्धा शेरच घ्या, नासतं." गाडी सुटल्यावर जरा वेळ तिथेच उभा होतो. हमालाने बाजूला व्हायला सांगितलं.

८ जुलै
तार आली. सासरे गेले.
जायला हवं. पण हरेनदा म्हणालेत, रविवारी नक्की या, माणसं कमी पडतील. उलट तार केली: रजा मिळत नाही. रजा मागितली नव्हती, पण मिळाली नसतीच. रडू येईल म्हणून दार लावून बसलो. आलं नाही. मग भात टाकला.

१३ जुलै, रविवार
बराकपूरहून येणारा आमचा हाफबॅक आला नाही. सियालदहला येणारी गाडी वाटेत अडकली म्हणे. रेफरी शिट्टी तोंडात धरून उभा. आम्ही दहाच. मी बुटाची नाडी बांधून पुढे झालो.
विजय म्हणाला, "हरेनदा, काका आहेत ना."
हरेनदांनी माझ्याकडे पाहिलं. मग पोरांना म्हणाले, "दहाच खेळा. अकरावा मैदानात असला की तुम्ही त्याला पास देणार, आणि बॉल जाणार."
रागाने नाही म्हणाले. पाऊस येईलसं वाटतंय म्हणावं, तसं म्हणाले. विजय काहीतरी बोलायला लागला होता, त्याला हाताने गप्प केलं. मला म्हणाले, "गुरुदत्तबाबू, बसून घ्या."
बसलो. पायाला मुंग्या आल्या. हलवला नाही. आम्ही एक-शून्यने जिंकलो. पोरं ओरडत तंबूत आली, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या.

१४ जुलै
साहेबांकडे रजा मागितली. कारण विचारलं. सासरे वारले, म्हटलं. कधी? मंगळवारी. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग इतके दिवस काय करत होतात?"
म्हटलं, रविवारी मॅच होती.
"खेळलात?"
आम्ही जिंकलो, असं सांगितलं.