कडा न छाटलेला कागद

४ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलात, फोनही घेत नाही, म्हणून हा कागद. मामी म्हणाली, पत्र टाक; बायंडर माणूस, घडी घातलेला कागद दिसला की उलगडल्याशिवाय राहायचे नाहीत.

मी सध्या शीतगृहात पेट्या चढवतो. इथे एक कुत्रं आहे. त्याला जिना चढता येतो, उतरता येत नाही. मग कुणीतरी उचलून खाली आणतं, बहुतेक मीच. असो, भरकटलो.

तुम्ही ग्रुपवर टाकलेला तो नदीचा आलेख. पुराचं पाणी बारा वर्षं उतरतंय, मग हवामानाचा एवढा बाऊ कशाला, वगैरे. मामा, तो सुरू कुठून होतो बघा. महापुराच्या वर्षापासून. सगळ्यांत उंच पायरीवर उभं राहिलं की पुढची प्रत्येक पायरी खालीच दिसणार. मागची वर्षं कुणीतरी सफाईने छाटलीत. छाटणं तुमच्या धंद्यातलं, तुम्हाला तरी दिसायला हवं होतं.

दुकानाची जागा मालकाला परत द्यायचीय आणि या आलेखाच्या भरवशावर तुम्ही कटिंग मशीन घराच्या तळघरात उतरवणार, असं मामीकडून कळलं. तसं करू नका. पाणी शिरलं तर मशीन गेलं, आणि घर त्याच्यावरच चालतं. माडीवर नाही का ठेवता येणार?

पुस्तकं बांधता, कधी उघडून बघत नाही का, असं मी ग्रुपवर लिहिलं आणि सगळे हसले. लिहिताना मलाही हसू आलं होतं. आता येत नाही.

लोभ आटला नसेल तर दोन ओळी टाका.

तुमचा,
भिंगरी

---

१५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीचे पायच.

माझा आलेख छाटलेला, मान्य. पण त्याखाली तू जो डकवलास तो कुठून सुरू होतो? दुष्काळाच्या वर्षापासून, जेव्हा पोरं नदीत चेंडू खेळत होती. तिथून मोजलं तर पाणी चढणारच. तुझी रेघ तर थेट छपराला टेकली होती. कात्री दोघांनीही चालवली. मला हसले, तुला अंगठे मिळाले, एवढाच फरक.

मी सुरी लावण्याआधी पान चारही बाजूंनी बघतो, अक्षर कापलं जाऊ नये म्हणून. मला अख्खा कागद दाखव, कडा न छाटलेला. तोवर माझं ठरलेलं ठरलेलंच. तळघर झाडून घेतलंय, महिनाअखेर हमाल येतील. माडीवर जागा नाही.

कुत्र्याला उचलू नकोस. पुढे उभा राहा, त्याला पायरी दिसू दे.

मामी तुझी आठवण काढते. माझं वेगळं लिहायला नको. लोभ आहे, वेळेवर जेवत जा.

तुझा,
मामा

---

२२ मार्च

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पकडलंत. मला जो आलेख आवडला तो मी उचलला होता, मागचापुढचा विचार न करता. भांडताना कोण बघतो?

पाटबंधारे खात्याच्या संकेतस्थळावर सगळ्या वर्षांचे आकडे आहेत. ते छापून पानं एकापुढे एक जोडलीत. खळ करता येत नाही, गोंद वापरला. दिसायला अगदी ओबडधोबड आहे, नुसतं वर-खाली, वर-खाली. हे टाकून ग्रुपवर कुणी जिंकणार नाही. मी त्याच्यावर एक अक्षरही लिहिलेलं नाही. तुम्हीच वाचा.

माझाही आलेख छाटलेला होता, हे ग्रुपवर कबूल केलं. एकही अंगठा नाही. मावशीने त्याच्याखाली शुभ सकाळची फुलं टाकली.

कुत्रं तीन पायऱ्या उतरलं, मग विचार बदलून वर गेलं. माझ्यावर गेलंय.

माडीवर जागा नाही, हे काही कळलं नाही. मी राहायचो ती खोली रिकामीच असेल ना?

हमाल येण्याआधी कागद पोचू दे. राग राहिला तरी चालेल, तळघर तेवढं नको.

तुमचा,
भिंगरी

---

३१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. गोंद फार झाला, सुरकुत्या पडल्यात. टेबलावर मावेना, म्हणून जुन्या वर्षांचं टोक मामीने धरलं.

पुलाच्या खांबावरची लाल खूण बुडली की आपल्या तळघरात ओल येते, हे तुलाही ठाऊक आहे. त्या उंचीवर पट्टी ठेवून मी रेघ ओढली. मामीच्या बाजूला रेघेच्या वर एखादंच टोक. माझ्या बाजूला, अलीकडच्या वर्षांत, टोकंच टोकं. महापुरानंतर पाणी उतरलं ते खोटं नाही, पण रेघेच्या खाली फारसं गेलंच नाही. मामी म्हणाली, मग दर वर्षी मी तिथे फडकं फिरवते ते काय हौस म्हणून?

काल हमाल आले, त्यांना मशीन माडीवर न्यायला सांगितलं. जिन्यात त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुझ्या खोलीत बसवलंय, खालून टेकू दिलाय.

जागा नाही असं मी लिहिलं, कारण ती खोली मी मोजतच नव्हतो. पोरगा अचानक आला तर झोपेल कुठे, असं मामीला म्हणायचो. ती म्हणायची, आधी येऊ तर दे.

खाट खिडकीखाली सरकवली आहे. सकाळी मशीन सुरू झालं की झोप मोडेल, तेवढं चालवून घे. ग्रुपवर मी परत येणार नाही. तुला भांडायचं असेल तर इथे येऊन भांड.

लोभाला मी आजवर सुरी लावलेली नाही.

तुझा,
मामा