कुठेच न टोचणारी सँडल

४ जानेवारी

आणि वर मलाच म्हणतो, तुला बूट वापरता येत नाहीत. सुपरवायझरला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण तो तोंडापेक्षा शिट्टीने जास्त बोलतो. आज तोंडाने बोलला. गमबूट फाटला म्हणे माझ्या चालण्यामुळे. मी चालतो कुठे? दिवसभर एका जागी उभा राहून बस धुतो. बस येते, मी उभा. बस जाते, मी उभा. नवीन जोड मिळणार नाही.

बुटात पाणी शिरतं आणि नको असलेल्या पाहुण्यासारखं मुक्काम ठोकतं. संध्याकाळी उपडा केला की तांब्याभर निघतं. बोटं भिजवलेल्या शेंगदाण्यासारखी.

ठरलं. सँडल घ्यायची. स्पोर्टवाली. पाणी आत येईल, पाणी बाहेर जाईल. एवढी साधी गोष्ट अख्ख्या वॉशिंग सेंटरमध्ये एकट्या माझ्या डोक्यात आली. तेही नववी नापासच्या.

५ जानेवारी

ताईचा फोन. बाबांचे बूट. गेल्या महिन्यापासून एकच पालुपद. बाबांना शुगर, त्यात अंगठा काढलेला, डॉक्टरांनी मऊ तळाचे आणि रुंद पंजाचे बूट सांगितलेत, चार हजार दोनशेला पडतात, पैसे कधी पाठवतोस.

तिला समजावलं की घाईत घेतलेलं पायताण आणि घाईत दिलेला शब्द, दोन्ही चावतात. आधी मी माझी सँडल निवडतो. त्यात अभ्यास होईल. मग बाबांसाठी एक नंबर बूट शोधतो. ताई म्हणाली, अभ्यास हा शब्द तुझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

मोठी आहे म्हणून ऐकून घेतो.

९ जानेवारी

अभ्यास जोरात. मोबाइलवर रोज व्हिडिओ. तळाला खोल खाचा हव्यात, मागे पट्टा हवा, बोटांपुढे रबर हवं. लवकर सुकली पाहिजे. कामाला चालली पाहिजे, बाजारालाही चालली पाहिजे.

माझ्या बाजूला चाकं धुणारे काका आहेत, बाबांच्याच वयाचे. ते म्हणाले, पोरा, लोक मुलगी बघतानाही इतकं बघत नाहीत. मी म्हटलं, मुलीला दिवसभर पाण्यात उभं करायचं नसतं. काका म्हणाले, हे जरा तुझ्या काकूसमोर बोलून दाखव.

१२ जानेवारी, सुट्टी

खरेदी झाली. दुकानातल्या बाईने ढीगभर जोड काढले. प्रत्येक वेळी विचारायची, कुठे टोचतंय का? आठ नंबर घातला. कुठेच नाही. वेगळ्या कंपनीचा घातला. कुठेच नाही. सात नंबर घातला, त्यावर सूट होती. कुठेच नाही.

बाईने पुढून अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाली, बोटं दुमडलीत तुमची. मी म्हटलं, पाय माझा आहे, मला कळणार नाही का? मग म्हणाली, जरा चालून तरी बघा. दुकानभर चाललो. इतकी आरामदायक की खालची जमीनसुद्धा लागत नव्हती.

सात नंबर घेतला. पैसे बाबांच्या बुटांसाठी काढून ठेवले होते, त्यातले वापरले. तात्पुरते. स्वतःकडूनच उसने, त्यामुळे व्याजाचा प्रश्न नाही.

१३ जानेवारी

पहिला दिवस. पाणी आत, पाणी बाहेर. ठरवलं तसंच. शिट्टी दोनदा येऊन पायाकडे बघून गेला. जळला असणार.

दुपारी काकांनी विचारलं, तुझ्या पायाखालचं पाणी लाल का दिसतंय? मी म्हटलं, बसचा रंग जात असेल. काकांनी बसकडे बघितलं. बस पांढरी होती.

१३ जानेवारी, संध्याकाळ

करंगळी आणि टाच सोलली आहे. बरीच. पण दुखत नाही. यालाच कमावलेले पाय म्हणतात. दोन पट्ट्या चिकटवल्या. नवीन सँडल आठवडाभरात सैल होते, असं व्हिडिओत सांगितलंय.

१६ जानेवारी

सैल झाली नाही. करंगळी काळपट दिसते. खोलीतला दिवाच पिवळा आहे, त्यात काहीही काळं दिसतं.

जेवायच्या सुट्टीत काका माझ्या पायाशी बसून काहीतरी करत होते. मला वाटलं, सँडल न्याहाळतात. मग त्यांनीच विचारलं, टोचलं का? मी म्हटलं, काय? त्यांच्या हातात टाचणी होती. म्हणाले, तीन वेळा टोचली. आणि डबा तसाच बंद केला. काकांना हल्ली भूक लागत नाही वाटतं.

१७ जानेवारी

ताईचा फोन. ती बुटांवर यायच्या आत मीच सँडलचं सांगितलं. किती छान निघाली, सोलवटलं तरी दुखत नाही, टाचणीसुद्धा लागत नाही.  

ताई म्हणाली, “बाबाही हेच म्हणायचे.”

मी म्हटलं, कधी?

“अंगठा काढायच्या आधी.”

बाबांचं वय काय, माझं काय. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, उद्याच्या उद्या दवाखान्यात जा. भांडली नाही. मी हो म्हणून टाकलं.

१९ जानेवारी

काल गेलो नाही, बस जास्त होत्या. आज काकांनी हाताला धरून नेलं. रक्त घेतलं, पायावर काहीतरी घासून बघितलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला शुगर? काकांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

२१ जानेवारी

रिपोर्ट आला. आकडा इथे लिहीत नाही, मशीनही चुकतं कधी कधी. गोळ्या दिल्यात. रोज ड्रेसिंग. पायाला पाणी वर्ज्य. शिवाय मऊ तळाचे, रुंद पंजाचे, बंद बूट. हे मला पाठच होतं.

शिट्टीला कोरडं काम मागितलं. त्याने शिट्टी वाजवली. म्हणजे नाही.

२२ जानेवारी

पुन्हा त्याच दुकानात. त्याच बाईने या वेळी न विचारता पाय मापला. नऊ नंबर. बूट चांगले आहेत. किंमत बाबांच्या बुटांएवढीच. म्हणजे एक जोड होतो, दोन होत नाहीत. बूट पुन्हा खोक्यात ठेवायला लावले. बाईला सांगितलं, अजून अभ्यास करतो.

सँडल काकांनी घेतली. त्यांना सात नंबर बसतो. मी नको म्हणत असताना हजार रुपये खिशात कोंबले. उद्यापासून मी पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून गमबूट घालणार आहे. पिशवीतून पाणी जात नाही. हेही अजून कुणाला सुचलेलं नाही.

ताईने रिपोर्टचं विचारलं. नॉर्मल म्हणून सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग म्हटलं, बाबांना बूट घालून दुकानभर चालायला लाव, आणि ते काय म्हणतात ते ऐकू नकोस, पुढून दाबून बघ.

पाठवले : चार हजार दोनशे.