तार कुठे आहे, लायल?

ब्रिस्टल, टेनेसी
(राज्याचं नाव मुद्दाम लिहिलं आहे. सध्या मी कोणत्या राज्यात उभा आहे, याला फार महत्त्व आलं आहे.)
मंगळवार, ७ ऑक्टोबर

मेहुणे लायल यांस,

तुझ्या दाजींचा, म्हणजे हॉबर्टचा नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत असेलच. दुसऱ्याच्या गाडीचं वाटोळं करून नॅशव्हिलला निघून गेलेल्या माणसाला झोप छान लागते, असं ऐकून आहे. इकडे मी, तुझी बहीण नॅडीन आणि तुझी आई असे तिघेही खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द रीत म्हणून लिहिला आहे. त्यावर विसंबू नकोस.)

मी कानाची यंत्रं विकतो, आठवडाभर डोंगरातून गाडी हाकतो, वेगासाठी दोनदा दंड झालाय आणि तिसऱ्यांदा झाला तर कंपनी मला घरी बसवणार, हे सगळं नॅडीनने तुला फोनवर सांगितलं. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. दुसऱ्या शनिवारी तू रडार डिटेक्टर घेऊन दारात हजर. पोलिसांच्या रडारचा सुगावा लागला की पीं-पीं करणारी डबी. सरळ माणूस असली डबी काचेला चिकटवतो, तिची तार सिगारेट पेटवायच्या भोकात खुपसतो आणि जेवायला बसतो. पण तू कसला सरळ! "दाजी, लोंबती तार म्हणजे शर्टाबाहेर आलेला बनियन. तार दिसली तर मला विचारा," असं म्हणून तू माझ्या गाडीचं छत सोलायला घेतलंस. दोन वर्षांनी आला होतास, म्हणून तुझ्या आईने बीन्स आणि मक्याचा पाव केला होता. चारदा हाक मारली, चारदा तू "आलोच" म्हणालास. शेवटी ती खुर्ची घेऊन गाडीपाशी येऊन बसली आणि तासभर तुझ्या पायांशी गप्पा मारत राहिली, कारण डॅशबोर्डखालून बाहेर तेवढेच आले होते. (पायांनी उत्तर दिलं नाही. तरी ती खूश होती.)

काम देखणं झालं, हे मी शत्रूच्या बाबतीतही मान्य करीन. तार छताच्या कापडातून, खांबाच्या आतून, थेट फ्यूजच्या पेटीत. डबी आरशामागे अशी घट्ट बसवलीस की बटण काचेकडे आणि बोट जायला जागा नाही. फक्त एक बारीकशी गोष्ट राहिली. तू ती अशा फ्यूजला जोडलीस की गाडी बंद केली तरी ती चालूच! औषधाच्या दुकानासमोर गाडी लावली की दुकानाचं आपोआप उघडणारं दार तिला पोलीस वाटतं. कुणी खोकल्याचं औषध घ्यायला आत गेलं, पीं-पीं. बाहेर आलं, पीं-पीं. दोनदा बॅटरी बसली. मी शिव्या देत दुकानातून परत येतो, तर तुझी आई पुढच्या सीटवर हसत बसलेली. म्हणते, "लायलचंच आहे रे ते. त्याच्यासारखंच. लहानपणी त्यालाही गप्प बसवत नसे."

आता गेल्या गुरुवारचं ऐक. आपल्या गावचा मोठा रस्ता उभा चिरलेला, अर्धा टेनेसीत आणि अर्धा व्हर्जिनियात, हे तुला मी सांगायला नको. टेनेसीच्या अर्ध्यात ही डबी म्हणजे शोभेची वस्तू आणि व्हर्जिनियाच्या अर्ध्यात गुन्हा, हेही तुला माहीत होतं. (होतं ना? आता "विसरलो" म्हणू नकोस.) तुझ्या आईला हृदयाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि डॉक्टर बसतो पलीकडे. वेळेला उशीर नको म्हणून मी जीव मुठीत धरून व्हर्जिनियाच्या बाजूला वळलो आणि अर्ध्या मिनिटात मागे निळे दिवे लागले.

प्रुइट नावाचा पोलीस. असल्या डब्या लांबूनच हेरणारं यंत्र त्याच्या गाडीत होतं. जाडजूड आणि अत्यंत सभ्य. सभ्य माणसावर ओरडताही येत नाही. मी काही बोलायच्या आत तुझी आई खिडकीतून वाकून म्हणाली, "तुम्ही आमचं यंत्र बघायला आलात का? माझ्या मुलाने बसवलंय. एक तार दिसतेय का सांगा!"

प्रुइटने दंडाची पावती फाडली (वेगाची नव्हे, डबीची) आणि म्हणाला, "हे आधी बंद करा, मग पुढे जा." मी म्हटलं, होत नाही. "मग तार काढा." मी म्हटलं, सापडत नाही. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. टोपी काढून तो स्वतः आत शिरला. आरशामागे चाचपलं, खांब ठोकून पाहिला, छतावरून हात फिरवला, आणि पाच मिनिटांनी घामाघूम होऊन म्हणाला, "अहो, खरंच नाही की!" तुझ्या आईचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतास. मी फ्यूज उपटला, तर डबी चालूच आणि काचा उघड्याच्या उघड्या बंद पडल्या. दुसरा उपटायची माझी छाती झाली नाही.

शेवटी प्रुइट म्हणाला, "चालू यंत्रानिशी इथे गाडी चालवू देणार नाही. ढकलून रस्त्यापलीकडे न्या. तिकडे टेनेसी, तिकडे माझा संबंध नाही." तर लायल, एकसष्टाव्या वर्षी, भर बाजारात, एका पोलिसाबरोबर मी माझीच गाडी ढकलत राज्याबाहेर नेली. स्टिअरिंगवर तुझी आई, वय चौऱ्याऐंशी, नऊ वर्षांत गाडीला हात न लावलेली. रस्त्याच्या मधोमध तिने करकचून ब्रेक दाबला, कारण तुझं नाव नीट कसं लिहायचं हे प्रुइटला सांगायचं राहिलं होतं. डबी टेनेसीत, डिकी व्हर्जिनियात, दोन्ही बाजूंनी भोंगे, आणि ही सावकाश सांगतेय, "एल, वाय..."

गाडी तिथेच पलीकडे लावून आम्ही पायी निघालो. चार चौक. ती तीनदा बाकावर टेकली. डॉक्टरकडे पोचलो तेव्हा चाळीस मिनिटं उशीर झाला होता आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. म्हणून स्पष्ट लिहितो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला आमच्याकडे तुझं ताट मांडलं जाणार नाही. पुन्हा माझ्या गाडीच्या वीस फुटांत आलास तर मीच पोलीस बोलावीन.

तुझा संतप्त दाजी,
हॉबर्ट

ता. क. नॅडीन म्हणते, प्रामाणिकपणे लिही. तर, डबीच्या डाव्या अंगाला तार नुसती ओढली की खटकन निघते. तिने काल दोन सेकंदांत काढली. हे प्रुइटला कळवायची गरज नाही.

ता. क. २. प्रुइट राहतो टेनेसीच्या बाजूला. त्याच्या बायकोला दोन दंड झाले आहेत. हे काम कुणाचं, किती दिवस लागतात, असं त्याने आमच्या घरी फोन करून विचारलं. मी रागात असल्यामुळे तुझा नंबर देऊन टाकला.

ता. क. ३. डॉक्टरांनी सांगितलं, तुझ्या आईच्या हृदयाची झडप खराब आहे, छाती उघडून बदलावी लागेल. सोळा तारखेला, गुरुवारी, सकाळी सात वाजता. तिने आम्हाला बजावलंय, "लायलला कळवू नका, तो कामात असतो." नॅडीनने वचन दिलं. मी त्या वेळी मुद्दाम गाडीचं दार लावायला बाहेर गेलो होतो.

ता. क. ४. पाकीट चिकटवता चिकटवता तुझी आई आत आली. विचारते, "एवढं रागारागाने कुणाला लिहितोयस?" मी म्हटलं, वीजकंपनीला. ती पाकिटाकडे बघून म्हणाली, "तिथे बसणाराही कुणाचा तरी मुलगा असेल. प्रेमाने लिही."

तर प्रेमाने लिहितो. ये.