हदगावच्या शाळेतला माईक

हदगाव, १२ डिसेंबर २०२५

दामिनीअक्का,
शरणार्थ. मी बरा हाय. फोनवर तू एवढी ओरडतीस की लॉजवालाबी "काय झालं हो?" म्हणून बघतो, म्हणून पत्र लिहून राहिलो. इथं रस्ताभर कापसाच्या गाड्या. एका गाडीला देवणी बैल होते, लई देखणे! त्यांना बघत बसलो अन् बस गेली.

असो. डोकं फिरलंय माझं. लातूरच्या स्टुडिओतून सर शिकवणार, इथली पोरं पडद्यावर बघणार, एवढंच काम. पण तक्रार एकच, "पोरांचा आवाज येत नाही, माईक खराब." माईक बदलला. वायर बदलली. वर पत्रा हाय, आवाज घुमतो, म्हणून खिचडी शिजवणाऱ्या साखराबाईंकडून गोधड्या मागून भिंतींवर टांगल्या. आमचा साहेब म्हणतो, "मन्मथ, जमत नसल तर सांग, दुसरा पाठवतो."

माईक चांगला हाय, अक्का. बाकी सगळ्या सरांना ऐकू येतं. फक्त गणिताच्या सरांना न्हाई. म्हणजे आपल्या अप्पांना.

मी इथं हाय हे अप्पांना माहीत न्हाई. कॉलेज सोडून घरातून निघालो तेव्हापासून आम्हा बापलेकांचं बोलणंच न्हाई. म्हणून मी पडद्यावर येत न्हाई.

काल आरती म्हणून एक पोरगी हाय, तिनं उत्तर बरोबर दिलं. अप्पा म्हणले, "मोठ्यानं!" ती ओरडली. "मोठ्यानं!" ती रडायलाच लागली. अप्पा मान तिरकी करून कान पुढं करत होते. मग म्हणले, "कोण हाय तो माईकवाला? अक्कल हाय का?"

"हाय, सर," मी कॅमेऱ्यामागून म्हणलो. तेबी त्यांना ऐकू आलं न्हाई.

तू का ओरडतीस ते तेव्हा कळलं, घरी अप्पांशी तसंच बोलावं लागत असणार. मला सांगायचं न्हाईस? खरं बोललो तर त्यांचा तास जातो. रिटायर झाल्यापासून त्यांना दुसरं हाय काय? न बोललो तर माझं काम जातं.

मग साहेबाला म्हणलो, "आवाज फिरून येतोय. सगळ्या सरांनी हेडफोन घालूनच शिकवायचं."

"आधी सांगता येत न्हाई, गाढवा?"

आज अप्पांनी हेडफोन घातला. मी इकडून आवाज वाढवून ठेवला. आरती हात वर करंना. साखराबाई दारातून म्हणल्या, "सांग की गं माय!" ती पुटपुटली. अप्पा थांबले. "बरोबर," म्हणले. अन् लगेच, "ती भांडी कोण आदळतंय बाहेर?"

मला हसूच आलं.

"कोण हसलं?"

मी तोंडावर रुमाल धरला.

हेडफोन घरी चालायचा न्हाई, अक्का. कानाच्या डॉक्टरकडं तूच ने. चिडले, कुणी सांगितलं म्हणले, तर माईकवाल्यानं म्हण.

तुझा,
मन्मथ