मास्कच्या कडेतून

८ जानेवारी २००७
दादांना पुन्हा गाडीवर डुलकी लागली. वडीगोद्रीच्या शेतावरून घरी येताना मोटारसायकल खडीत गेली. गुडघा खरचटला, बाकी ठीक. "झोप न्हाई, इचारात होतो," म्हणाले. बाप लेकीला असंच सांगणार. पावसाळ्यात रात्री मास्कमधून हवा देणारं श्वासाचं मशीन आलं, तेव्हापासून दिवाळीपर्यंत दिवसाची पेंग पार गेली होती. आता परत का?

९ जानेवारी
मशीन तपासलं. औरंगाबादच्या डॉ.नी लावून दिलेला दाब तोच आहे: श्वास घेताना १४, सोडताना ८. फिल्टर साफ, नळी शाबूत. आई म्हणते घोरणं परत सुरू झालंय, मधेच श्वास थांबतो. मास्क लावूनसुद्धा. म्हणजे दाब पुरत नाही. डॉ.ना फोन लागला नाही. १५ / ९ केला.

१३ जानेवारी
फरक नाही. १६ / १०.
सकाळी दादा: "पोटात हवा भरली, टेम्पोच्या टायरवानी. कंपनीत बी असंच करती का?" स्वतःच हसले. डोळे लाल आहेत. मिलमध्ये दाबमापकं तपासायचा पगार घेते आणि घरी अंदाजाने...

१५ जानेवारी
डॉ. शेवटी फोनवर. आकडे सांगितले. म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर ना? आधी लीक बघितलं का?" नव्हतं बघितलं. दाब पूर्वीचा ठेवायला सांगितला, स्वतः बदलायचा नाही.
मिलमध्ये जोडाला साबणाचा फेस लावून बघतो. इथे लोकरीचा धागा घेतला, मास्कच्या कडेने फिरवला. नाकाशी स्थिर. गालाखाली आणि हनुवटीशी आडवा उडत होता. दाढी. रबर केसांवर बसतंय, कातडीवर नाही. मी दाब वाढवत गेले तशी गळती वाढली, कडेची हवा डोळ्यांत जायला लागली. दिवाळीनंतरची ती दाढी रोज समोर होती. थंडीमुळे ठेवलीय असं धरून चालले.

१६ जानेवारी
"दादा, दाढी काढा." कारणासकट सांगितलं.
"थंडी हाय."
"कटिंगवाल्याला घरी बोलावते."
"राहू दे ना आता." उठून गेले.
आईने भाकरी थापता थापता सांगितलं, "नवस बोललेत ते, जांबला, देवळात. तुझं लगीन जमल्याबिगर वस्तरा लावनार न्हाईत. तुला सांगू नको म्हनले व्हते."
मी ताट वाढून घेतलं.

२१ जानेवारी
नुसत्या नाकाचा लहान मास्क आणला, दाढी टाळणारा. झोपेत दादांचं तोंड उघडतं, सगळी हवा तिथून बाहेर. परत मोठा. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर वळ, गळती तेवढीच. डॉ.: "दाढी काढायला लावा. तोवर गाडी बंद."
किल्ली माझ्या पर्समध्ये ठेवली. दादा टेम्पोत बसून शेतावर गेले. संध्याकाळी आले ते कुणाची तरी मोटारसायकल चालवत.

२७ जानेवारी
मामा अंबडचं स्थळ घेऊन आले. मुलगा शिक्षक. फोटोत बरा वाटतो. त्यांना नोकरी करणारी नको. आईने फोटो टीव्हीवर ठेवला. दादा फोटोकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.
हो म्हटलं की दाढी उतरेल, मास्क बसेल. नंतर मोडता येतं. सगळं मांडून बघितलं. बरोबर येतं. तरी...

२ फेब्रुवारी
जेवता जेवता दादा झोपले. घास हातात, ओठ निळसर. हलवलं तर दचकून म्हणाले, "काय झालं, लाइट गेली का?"
आई उठून आत गेल्यावर मी बोलले. "तुम्ही माझ्यासाठी बोललात. मला विचारलं नाही."
"इचारलं असतं तर काय म्हनली असती?"
"नको."
"मंग. म्हनूनच न्हाई इचारलं."
"नवस मोडला तर काय होईल?"
"मला काय व्हायचंय? तुझ्यावर आलं तर?"
मी हट्ट समजत होते. भीती आहे, आणि तीही माझ्यासाठी. याला मशीनवर बटण नाही.

४ फेब्रुवारी, रविवार
अंबडची माणसं आज येणार. सकाळी गरम पाणी, साबण, नवीन ब्लेड बाहेरच्या ओट्यावर दादांसमोर ठेवलं.
"मी हो म्हणणार नाही. तुम्ही दाढी काढा. माझ्यावर काही आलं तर ते माझं मी बघीन."
दादांनी पाण्यात बोट बुडवून बघितलं. "पाव्हण्यांना काय सांगू?"
"आहे ते."
"आन तुझ्या मायला?"
मी आत येऊन हे लिहितेय. आई पोह्यांना कांदा चिरतेय. "ते बाहेर काय करून राह्यले?" म्हणाली. माहीत नाही म्हटलं. पाणी निवलं असेल. मघाशी साबणाच्या डबीचं झाकण वाजलं, नंतर काही नाही.
दारात जीप थांबली. लवकर आले.